घरसभेसाठी चार पाठ हवेत: देवाची सेवा आणि घरातलं डावं-उजवं

चौथा_शुक्रवार:
सगळ्यांना सलाम. शुक्रवारच्या घरसभेसाठी (घरी भरणारी प्रार्थनासभा) चार मननं, म्हणजे बायबलवरचे छोटे पाठ, बसवायची आहेत. विषय कमिटीने ठरवून दिलाय: देवाची सेवा, आणि कुटुंबात होणारा पक्षपात. सभेला अठरा-वीस माणसं, आजी-आजोबांपासून आठवीतल्या पोरांपर्यंत. वेळ ४० मिनिटं, चहा त्यानंतर.

अडचणी अशा. योसेफाचा झगा (बाप याकोबाने लाडक्या मुलाला दिलेला, पुढे भावांनी त्या मुलाला विकलं) सगळ्यांना शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. नाव काढलं की माणसं मनातल्या मनात गोष्ट संपवून मोकळी होतात. शिवाय सेवा आणि पक्षपात हे दोन वेगळे विषय वाटतात, आणि दोन आठवडे हा, दोन आठवडे तो, असं करायचं नाही. सगळ्यात अवघड म्हणजे सासू, दोन सुना, लग्न झालेली लेक अशी सगळी एकाच सतरंजीवर बसणार. बोट कुणाकडेच जाता कामा नये. उतारे कोणते घ्यावेत आणि वेळ कसा वाटावा?

शिलोची_वाट:
चारही पाठ बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकातून घ्या. पहिले तीन अध्याय, मग ८ आणि १२ मधला थोडा भाग. तुमचे दोन्ही विषय तिथे एकाच वचनात बांधलेले आहेत, २:२९. देवाचा माणूस शिलोचा याजक एली याला देवाच्या वतीने विचारतो, तू माझ्यापेक्षा तुझ्या मुलांचा मान जास्त का ठेवतोस? पक्षपात म्हटलं की आपण एका भावाला झुकतं माप आणि दुसऱ्याला कमी एवढंच समजतो. इथे तागडीच्या एका पारड्यात मुलं आहेत आणि दुसऱ्यात देव. त्यामुळे सेवेचा विषय वेगळा काढावाच लागत नाही.

पाठ १, एलकानाची पंगत (१:१–८). एलकानाला बायका दोन, मुलंबाळं असलेली पनिन्ना आणि मूल नसलेली हन्ना. शिलोला यज्ञ झाल्यावर तो मांसाचे वाटे करतो. पनिन्नेला आणि तिच्या सगळ्या मुलामुलींना वाटे, हन्नेचा वाटा वेगळा. हा वाटा दुप्पट होता की एकच, याबद्दल भाषांतरांत फरक आहे, कारण पाचव्या वचनातला मूळ हिब्रू शब्दप्रयोगच अवघड आहे. त्यावर वेळ घालवू नका. महत्त्वाचं हे की वाटे झाले उपासनेच्या जेवणात, आणि दरवर्षी तेच: पनिन्ना डिवचते, हन्ना रडते, जेवत नाही. एलकानाला रडणं दिसतं. ‘मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का’ अशा अर्थाचं तो बोलतोही. पण पनिन्नेला तो काही म्हणाल्याचं मजकुरात नाही. चर्चेला प्रश्न एवढाच द्या: पातेल्यात शेवटचे दोन पीस उरले की ते कुणाच्या ताटात जातात, आणि ते कोण ठरवतं? हसतील, पण बोलतील.

पाठ २, तीन काट्यांचा काटा (२:१२–१७). हा उतारा लोक वाचून पुढे जातात, कारण यज्ञाचा तपशील माहीत नसतो. तो सांगा. लेवीय ७ प्रमाणे शांत्यर्पण या यज्ञातून याजकाला ऊर आणि उजवी मांडी मिळायची, आणि चरबी सगळी परमेश्वराची, वेदीवर जाळायची. एलीच्या मुलांनी दोन गोष्टी केल्या. मांस शिजत असताना नोकर काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि जे वर येईल ते याजकाचं. म्हणजे ठरलेल्या वाट्याऐवजी हाताला लागेल तेवढं. दुसरं त्याहून वाईट, चरबी जाळायच्या आधीच कच्चं मांस मागायचं, नाही दिलं तर जबरदस्तीने नेऊ म्हणायचं. देवाच्या आधी आपलं पान. ही मुलं, हफनी आणि फिनहास, वेदी सोडून पळालेली नव्हती. ते सेवेत होते, आणि सेवेतूनच खात होते.

पाठ ३, बोलला पण आवरलं नाही (२:२२–३० आणि ३:१०–१८). एलीने मुलांना खडसावलं होतं, २:२३–२५ मध्ये त्याचे शब्द आहेत. तरी ३:१३ मधला दोष असा की त्याने त्यांना आवरलं नाही. याजकपद काढून घेणं, वाटे थांबवणं हे त्याच्या हातात होतं, आणि केलं फक्त बोलणं. आपल्याकडे ‘मी तर त्याला शंभरदा सांगितलं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, ते इथे ठेवून बघा. आणखी एक बारकावा: २:२९ मध्ये ‘उत्तम भाग खाऊन तुम्ही पुष्ट व्हावं’ असं आहे, तुम्ही, म्हणजे एलीसुद्धा. ४:१८ मध्ये तो वृद्ध आणि भारी अंगाचा होता असं लिहिलंय. लाडाच्या ताटातून वाढणाऱ्यालाही घास मिळत असतो. उत्पत्ती २५:२८ शेजारी वाचा: इसहाकाची थोरल्या मुलावर, एसावावर, प्रीती होती, कारण त्याने मारून आणलेली शिकार तो खायचा. तिथेही जिभेला चव लागलेलीच.

पाठ ४, शमुवेलाची मुलं (८:१–५, १२:१–५). हन्नेला पुढे झालेला, एलीच्या घरात वाढलेला, सगळं डोळ्यांनी पाहिलेला आणि एलीविरुद्धचा निरोप लहानपणी स्वतःच्या तोंडाने सांगावा लागलेला शमुवेल म्हातारपणी आपल्याच मुलांना, योएल आणि अबीयाला, बैर-शेब्यात न्यायाधीश नेमतो. ते लाच खातात. देवाने एलीला दिला तसा दोष शमुवेलाला दिल्याचं मात्र मजकुरात नाही. का, यावर दहा मिनिटं सहज चर्चा होते. माझं मत असं की उत्तर १२ व्या अध्यायात शोधावं. तिथे तो सगळ्यांसमोर उभा राहतो, ‘माझी मुलं तुमच्यापुढे आहेत’ म्हणतो, आणि विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाच्या हातून लाच घेतली, सांगा, परत करतो. हिशेबाला उभा राहिला. एली कधीच राहिला नाही.

वेळ: गीत ५ मिनिटं, वाचन ५, उलगडा १२, चर्चा १२, प्रार्थना ६. वाचन एकाच माणसाकडे देऊ नका, चार तुकडे करून चौघांना द्या. उलगडा १२ वरून २० वर गेला की चर्चा मरते आणि प्रार्थना आटपली जाते, हे दरवेळी होतं.

यहूदाचा_जामीन:
वरचा आराखडा चांगला आहे, तरी मी योसेफाला बाहेर ठेवणार नाही. १ शमुवेलात पक्षपाताचा रोग दिसतो, त्यातून एक घर बरं होताना दिसत नाही. ते उत्पत्ती ४२ ते ४५ मध्ये आहे: विकलेला योसेफ आता मिसरात मोठा अधिकारी आहे, भाऊ धान्यासाठी त्याच्याकडे येतात आणि त्याला ओळखत नाहीत. झग्याचा ३७ वा अध्याय सगळ्यांना येतो, म्हणून तो वाचूच नका.

हे पाहा. ४२:३८ मध्ये योसेफाचा सख्खा धाकटा भाऊ बन्यामीन याला मिसरला पाठवायला नकार देताना याकोब म्हणतो, त्याचा भाऊ मेला, हा एकटाच उरलाय. समोर रऊबेन उभा आहे, आणि शिमोन मिसरात कैदेत आहे. इतकी जिवंत मुलं असताना ‘एकटाच उरला’. पुढे ४४:२७ मध्ये यहूदा योसेफासमोर बापाचे शब्द जसेच्या तसे सांगतो: माझ्या बायकोला दोन मुलगे झाले, तुम्हाला माहीत आहे. यहूदा याकोबाच्या नावडत्या बायकोचा, लेआचा मुलगा. बापाच्या त्या वाक्यात त्याची आई बायको म्हणून मोजलेलीच नाही, आणि तो ते वाक्य कडवटपणा न आणता उच्चारतो. मग ४४:३३ मध्ये म्हणतो, या पोराच्या जागी मला गुलाम ठेवून घ्या. वीस रुप्यांना भावाला विकू या असं सुचवणाराही हाच होता (३७:२६–२८).

मधली परीक्षा विसरू नका. ४३:३४, बन्यामीनाच्या पुढे इतरांच्या पाचपट वाटा वाढला जातो. झग्याची गोष्ट पुन्हा ताटात येते, आणि या वेळी भाऊ बिनसत नाहीत. याकोब बदललेला नाही. बदललेत ते भाऊ. ज्यांना लहानपणी कमी मिळालं अशी मोठी माणसं सभेत असतातच, आणि ‘आईबापांनी असं करू नये’ या उपदेशाचा त्यांना आता काय उपयोग? त्यांच्या कामाचा उतारा हा आहे.

दोन चुका टाळा. पहिली, ५०:२० (तुम्ही वाईट योजलं, देवाने चांगलं केलं) सांगून याकोबाच्या पक्षपातावर पांघरूण घालणं. देवाने वाईटातून चांगलं काढलं म्हणून वाईट चांगलं ठरत नाही. दुसरी, ‘रंगीबेरंगी झगा’. आपल्या मराठी शास्त्रात तो पायघोळ झगा आहे, रंगांची कल्पना जुन्या ग्रीक भाषांतराच्या वाटेने आलेली. मूळ शब्दाचा नक्की अर्थ वादाचा आहे, पण तसलाच झगा २ शमुवेल १३:१८ मध्ये राजकन्या तामारेच्या अंगावर आहे. म्हणजे तो शेतात राबणाऱ्याचा पोशाख नव्हे. भावांना टोचला तो रंग नाही, याला काम लावायचं नाही ही खूण टोचली असावी. पोरांना ते चटकन कळतं.

चौथा_शुक्रवार:
दोघांनाही धन्यवाद. पहिले तीन पाठ एलीच्या घरचे, चौथ्यात यहूदा, असं करावं का? मग शमुवेलाची मुलं सुटतील.

एक शंका आहे, कुणीतरी नक्की विचारणार: ‘देवानेच पोटात असताना एसावाऐवजी याकोबाला निवडलं, मग आई रिबकेने त्याला निवडलं तर काय बिघडलं?’

शिलोची_वाट:
पाच पाठ करा, कमिटी रागावणार नाही. चारच ठेवायचे असतील तर पहिला आणि दुसरा एकत्र करा, दोन्हीत विषय ताटाचाच आहे.

शंकेला उत्तर बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात, २:५ मध्ये आहे. देव इस्राएलाला, म्हणजे याकोबाच्या वंशाला, बजावतो, सेईर डोंगर मी एसावाला वतन दिलाय, त्यातली पाऊल टेकण्याएवढीही जागा तुम्हाला देणार नाही. निवड कामासाठी होती. एसावाचा वाटा देवाने राखला. रिबकेने आणि याकोबाने नेमका वाटाच हिरावला. शिवाय तिला निवडीबद्दल वचन मिळालेलं असतानाही (२५:२३) बापाने त्याला एसाव समजावं म्हणून तिने करडांचं कातडं पोराच्या हाताला का गुंडाळलं, हेही विचारा.

तागडी:
मूळ मुद्द्याला हात घालतो. ‘सगळ्या मुलांवर सारखं प्रेम करा’ हा उपदेश देऊ नका. कुणालाच जमत नाही, आणि ऐकणारा घरी जाऊन एकतर स्वतःला दोष देतो नाहीतर सोंग आणतो. नियमशास्त्र काय म्हणतं बघा, अनुवाद २१:१५–१७. माणसाला दोन बायका, एक आवडती, एक नावडती, आणि पहिला मुलगा नावडतीचा. तिथे नियम ‘दोघींवर सारखं प्रेम कर’ असं म्हणत नाही. म्हणतो, वाटणी करशील त्या दिवशी नावडतीच्या मुलाचा ज्येष्ठपणा काढून घेऊ नको, त्याचा दुप्पट वाटा त्याला दे. मन कुणाकडे झुकलंय हे देवाला माहीत आहे. हात कुणाकडे झुकतो तेवढ्यावर नियम बोट ठेवतो. प्रेम मोजता येत नाही, वाटा मोजता येतो.

म्हणून एखाद्या पाठात वाटणीवर सरळ बोला, कारण आपल्या घरांत मन तिथेच तुटतं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला, कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना. मुलगा-मुलगी असा भेद नाही, लेकीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. ‘तिला लग्नात दिलं की’ हे कायद्यात चालत नाही. शास्त्रातही ईयोब ४२:१५ आहे, बापाने मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते, कलम ४९. मृत्युपत्राविना मृत्यू झाला तर बापाने हयातीत एखाद्या मुलाला दिलेले पैसे किंवा मालमत्ता त्याच्या वाट्यातून वजा होत नाही. उदाहरण: आई आधीच गेलेली, मुलं तीन, थोरल्याला फ्लॅटसाठी १५ लाख दिलेले, मागे ३० लाख उरले. कायद्याने तिघांना दहा-दहा. थोरल्याकडे एकूण २५, बाकीच्यांकडे १०. हयातीतलं देणं धरून समान करायचं असेल तर एकूण ४५, प्रत्येकी १५. थोरल्याला काहीच येत नाही, धाकट्या दोघांना १५-१५. हे हवं असेल तर ते मृत्युपत्रात लिहावंच लागतं. गप्प बसणं म्हणजे समान वाटणी, हा भ्रम आहे.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. किमान दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा नवरा-बायको साक्षीदार नको. तसं झालं तर मृत्युपत्र टिकतं, पण त्या साक्षीदाराला दिलेलं रद्द होतं (कलम ६७). जावयाची सही घेतात आणि लेकीचा वाटा जातो. गोव्यात वेगळं: तिथे मालमत्तेचा अर्धा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो, मृत्युपत्राने उरलेल्या अर्ध्याचंच काय ते ठरवता येतं. घरसभेत एवढंच सांगा, पुढचं वकिलाकडे.

आजारी किंवा अपंग मुलाला जास्त ठेवणं हा पक्षपात नव्हे. पण कारण लिहा, आणि जिवंतपणी सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. मृत्यूनंतर उघडलेल्या पाकिटातलं कारण कुणी मनावर घेत नाही.

वसईची_वेस:
जय येशू. आमच्याकडे नाताळानंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण असतो, त्या दिवशीच्या वाचनांत कलस्सै ३ येतं. तुमच्या विषयाला ३:२१ आणि ३:२३ जवळजवळ ठेवा. बापांनो, मुलांना चिडवू नका, ती खचतील. आणि दोनच वचनांनी, जे कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. पौलाने घर आणि सेवा यांच्यात भिंत घातलेली नाही.

एका उलट्या धोक्याबद्दल कुणी बोललं नाही. एलीचे पाठ ऐकून उत्साही माणूस ‘देव आधी, घर नंतर’ म्हणत आठवड्याचे सहा दिवस सभांना जाईल आणि म्हातारी आई घरी एकटी. त्याला मार्क ७:९–१३ दाखवा. ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून आईबापांचं देणं चुकवणाऱ्यांना येशूने झोडपलंय. १ तीमथ्य ५:८ सुद्धा.

दोन_किल्ल्या:
घरातलं झालं, आता मंडळीतलं. तुमचा विषय ‘सेवा’ आहे, आणि सेवेतला पक्षपात बहुतेक आडनावाने येतो. वाचन त्याच घराकडे, नाताळच्या नाटकात मरीया त्याच घरची, कमिटीत काकानंतर पुतण्या. आपला तो बाब्या. यावर नुसतं मनन करून भागत नाही, नियम लागतो.

उतारा प्रेषितांची कृत्ये ६:१–६. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी ‘कुरकुर करू नका’ म्हटलं नाही. लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली, आणि सातही नावं ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची, बहुधा त्यांच्यातलीच माणसं वाढायला उभी केली. पैशाबद्दल २ करिंथ ८:१९–२१: वर्गणी नेताना पौलाबरोबर जाणारा माणूस मंडळ्यांनी नेमला होता, कुणी बोट ठेवू नये म्हणून.

यावरून करायचं ते असं. सेवेची कामं कागदावर मांडा: वाचन, प्रार्थना, गीत, दानपेटी, शब्बाथ शाळा, सतरंज्या, चहा, भांडी. पुढच्या १३ आठवड्यांची यादी करा. एका घरातलं एकच नाव एका दिवशी. नातेवाइकाच्या नावावर चर्चा होताना त्या माणसाने बाहेर जायचं. पैसे मोजायला नात्यात नसलेले दोघं, मोजल्या जागी दोघांच्या सह्या.

पण नातेवाईक नकोच, असाही नियम करू नका. नहेम्या ७:२ मध्ये नहेम्या यरुशलेमेचा कारभार आपला भाऊ हनानी आणि किल्ल्याचा अधिकारी हनन्या यांच्याकडे सोपवतो. तिथे विश्वासू आणि पुष्कळांपेक्षा देवभीरू हे कारण दिलंय, आणि शेजारी नात्याबाहेरचा एक आहे. बर्णबाने मार्काला धरून ठेवलं (प्रेषित १५:३७–३९), मार्क त्याचा भाऊबंद (कलस्सै ४:१०). तो पक्षपात होता की दुसरी संधी, यावर भांडता येईल. पुढे पौलानेच २ तीमथ्य ४:११ मध्ये मार्काला बोलावून घेतलं, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून. नातं दोष नाही. नात्यामुळे प्रश्न विचारायचा राहून जातो, तो दोष. १ राजे १:६ वाचा, दावीदाने अदोनीयाला ‘असं का केलंस’ म्हणून कधीच दुखवलं नाही.

चौथा_शुक्रवार:
पाच पाठ करते. तिसऱ्या पाठाच्या चर्चेत मुलांना आईबापांसमोर बोलवावं का?

शिलोची_वाट:
नको, ताई. पोरं खरं बोलतात आणि घरी गेल्यावर ओरडा खातात. बारा मिनिटांची चर्चा दोन गटांत करा, पोरं वेगळ्या खोलीत, त्यांच्यासोबत कुणाचेच आईवडील नसलेली एखादी व्यक्ती. त्यांना एलीऐवजी २:१८–१९ द्या: शमुवेल तागाचं एफोद (याजकाचं वस्त्र) घालून सेवा करतोय आणि हन्ना दरवर्षी त्याच्यासाठी लहान झगा शिवून आणते. याकोबाचा झगा घरात बसवण्यासाठी होता, हन्नेचा देवाच्या घरी कामाला लागलेल्या पोरासाठी. दोन झग्यांत फरक काय, एवढंच विचारा. नावं घ्यायची नाहीत, ‘एखाद्या घरात’ असं म्हणून बोलायचं, आणि खोलीत बोललेलं बाहेर सांगायचं नाही हे आधीच ठरवा.

दोन_किल्ल्या:
आणि त्या दिवशी चहाचे कप मुलग्यांकडून धुऊन घ्या. यादीत भांड्यांपुढे त्यांची नावं आधीच लिहून ठेवा, नाहीतर सुना उठतील.